अन्नाची कदर आणि अन्नाची पाकी

(संस्थेच्या वार्षिक पालक-विद्यार्थी मेळाव्यात दिलेले भाषण)



दरवर्षी या मेळाव्यात शिक्षणाचे महत्त्व, मुलींचे शिक्षण, स्पर्धा परीक्षा अशा विषयांवर भाषणे होतात, आणि ती झालीच पाहिजेत. आज मात्र मी जो विषय घेऊन उभा आहे तो ऐकून काहींना वाटेल की, मास्तरांना दुसरे काही सुचले नाही काय? माझा विषय आहे आपल्या घरातले आणि आपल्या दावतीतले अन्न. मी डॉक्टर नाही, विज्ञानाचा पदवीधरही नाही. माझे काम फळ्यासमोर उभे राहण्याचे. परंतु शिक्षकाच्या हाती एक वस्तू असते जी डॉक्टरांच्या हाती नसते, आणि ती म्हणजे हजेरीपट. पावसाळा सुरू झाला की त्या हजेरीपटात गैरहजेरीच्या खुणा वाढू लागतात. लग्नसराईत दावतीच्या दुसऱ्या दिवशीही वाढतात. मुलाला विचारले की उत्तर ठरलेले असते, "सर, पोट बिघडलं होतं." आपण हसून सोडून देतो. मीही कित्येक वर्षे सोडून देत होतो.

मग एका वर्षी मार्च महिन्यात असे घडले की, ते मला सोडून देता येईना.

आमच्या शाळेतला दहावीचा एक विद्यार्थी. नाव सांगत नाही. वडील बाहेरगावी कामाला, घरी आई आणि दोन लहान बहिणी. मुलगा मेहनती, आणि गणितात विशेष हुशार. परीक्षा सुरू होती. मधल्या सुट्टीच्या दिवशी मोहल्ल्यात एक लग्न होते. देग सकाळी अकराच्या सुमारास चुलीवरून उतरली. पाहुण्यांची गाडी उशिरा आली, म्हणून पंगत बसता बसता दुपारचे दोन वाजले. पंगती आटोपल्यावर देगेत पुष्कळ पुलाव उरला. बुजुर्गांनी सांगितले की, अन्न वाया घालवू नका, ज्या घरातले लोक येऊ शकले नाहीत त्यांच्याकडे डबे पोहोचवा. तीन वाजता डबे भरले गेले. या मुलाच्या आईने तो डबा रात्रीच्या जेवणासाठी जपून ठेवला. मुलगा अभ्यास संपवून दहा वाजता जेवला. पुलाव चांगला गरम करून दिला होता. रात्री एकच्या सुमारास उलट्या सुरू झाल्या, मग जुलाब. सकाळी तो तसाच परीक्षा केंद्रावर गेला, अर्ध्या तासात बाकावर डोके टेकून बसला आणि त्याला बाहेर आणावे लागले. पेपर गणिताचा होता.

मी संध्याकाळी त्याच्या घरी गेलो. त्याची आई रडत होती. ती मला म्हणाली, "सर, वास आला नव्हता, चवही बरोबर होती. आणि दावतीचं अन्न टाकायचं कसं? गुनाह नाही का?" मला तिला उत्तर देता आले नाही. कारण त्या दिवशी डबे भरणाऱ्या मंडळींत मीही होतो. त्या मुलाचा डबा माझ्याच हातांनी भरला होता की दुसऱ्या कोणाच्या, हे मला आठवत नाही, पण मी तिथे होतो.

मुलगा बरा झाला. जुलैच्या पुरवणी परीक्षेत तो पासही झाला. परंतु त्या वर्षी त्याला हव्या त्या ठिकाणी प्रवेश मिळाला नाही. एका डब्याने त्याची वाट वळवली. त्या बाईच्या प्रश्नाचे उत्तर शोधण्यासाठी मी वाचू लागलो, आरोग्य केंद्रातल्या जाणकारांना विचारू लागलो. जे कळले तेच आज तुमच्यापुढे ठेवतो.

पहिली गोष्ट अशी की, अन्न बिघडलेले आहे हे नेहमी वासावरून कळत नाही. दूध नासते, भाजी आंबते, ते आपल्याला कळते. पण ज्या जंतूंमुळे माणूस आजारी पडतो ते पुष्कळदा अन्नाचा रंग, वास किंवा चव बदलत नाहीत. तांदळाचेच पाहा. तांदळात एका जातीच्या जंतूंचे बीजाणू असतात. बीजाणू म्हणजे जंतूने स्वतःभोवती घातलेले जणू चिलखत. भात शिजला तरी ते मरत नाहीत. भात कोमट होऊन तसाच पडून राहिला की बीजाणूंतून जंतू बाहेर पडतात, वाढतात आणि भातात विष सोडतात. आता महत्त्वाची गोष्ट ऐका. हे विष पुन्हा गरम केल्याने नष्ट होत नाही. जंतू मरतील, पण त्यांनी मागे ठेवलेले विष तसेच राहील. असे अन्न पोटात गेले की एक ते सहा तासांत उलट्या सुरू होतात. आपल्या हातांवर, नाकात आणि पिकलेल्या फोडात राहणारा दुसरा एक जंतू आहे. तो खिरीत, फिरनीत किंवा हाताने सुट्या केलेल्या मांसात पडला तर तोही असेच विष तयार करतो, आणि तेही उकळीला दाद देत नाही. त्या रात्री त्या मुलाच्या पोटात कोणता जंतू गेला हे कोणी तपासले नाही. पण "गरम केले की झाले" हा आपल्या घराघरांतला भरवसा किती पोकळ आहे, हे मला तेव्हा समजले.

दुसरी गोष्ट देगेची. मोठ्या देगेत शिजवलेले मांस आणि भात वरून थंड झाले तरी मध्यभागी कित्येक तास कोमट राहतात. मांसातही असे एक जंतू असतात की, ज्यांचे बीजाणू शिजवताना टिकतात आणि देग सावकाश निवू लागली की झपाट्याने वाढतात. त्यांच्यामुळे सहा ते चोवीस तासांत पोटात कळा येतात आणि जुलाब होतात. म्हणजे जेवढी देग मोठी आणि जेवढी पंगत उशिरा, तेवढा धोका अधिक.

विद्यार्थी मित्रांनो, तुमच्यासाठी एक हिशेब सांगतो. अनुकूल उबेत पुष्कळसे जंतू सुमारे वीस मिनिटांत एकाचे दोन होतात. तासात तीन वेळा दुप्पट. तीन वाजता डब्यात एकच जंतू होता असे धरा. दहा वाजेपर्यंत, म्हणजे सात तासांत, तो एकवीस वेळा दुप्पट होईल. वहीत करून पाहा, उत्तर येईल २० लाख ९७ हजार १५२. बुद्धिबळाच्या पटावरील गव्हाच्या दाण्यांची गोष्ट तुम्ही ऐकली आहे, तशीच ही. आणि आरंभी जंतू कधीच एक नसतो.

म्हणून जागतिक आरोग्य संघटनेने जो साधा नियम सांगितला आहे तो लक्षात ठेवावा. शिजलेले अन्न बाहेर दोन तासांपेक्षा जास्त ठेवू नये. ते एक तर ६० अंशांच्या वर, म्हणजे वाफा येतील इतके गरम राहावे, नाही तर ५ अंशांच्या खाली, म्हणजे फ्रिजमध्ये असावे. या दोहोंमधली ऊब म्हणजे जंतूंची दावत. याच संघटनेने पाच सूत्रे दिली आहेत: स्वच्छता राखा, कच्चे व शिजलेले वेगळे ठेवा, अन्न नीट शिजवा, योग्य तापमानात ठेवा, पाणी व कच्चा माल सुरक्षित वापरा. याच संघटनेने २०१५ मध्ये जो अंदाज प्रसिद्ध केला त्यानुसार, जगात दर वर्षी सुमारे ६० कोटी लोक दूषित अन्नामुळे आजारी पडतात आणि ४ लाख २० हजार मरण पावतात. त्या मृतांत पाच वर्षांखालील मुले सव्वा लाख. पोट बिघडणे ही हसण्यावारी नेण्याची गोष्ट नव्हे.

आता एका स्वयंपाकिणीची हकीकत सांगतो, कारण तीत स्वच्छतेचा मोठा धडा आहे. मेरी मॅलन नावाची आयर्लंडची एक बाई अमेरिकेत न्यूयॉर्ककडे श्रीमंत घरांत स्वयंपाक करीत असे. १९०६ साली ती ज्या घरी कामाला होती तेथल्या अकरा माणसांपैकी सहा जणांना विषमज्वर, म्हणजे टायफॉईड झाला. तपास करणाऱ्या जॉर्ज सोपर यांना आढळले की, ती पूर्वी ज्या घरी होती त्यांपैकी बहुतेक घरांतही हा ताप येऊन गेला होता. ती स्वतः मात्र ठणठणीत होती! तिच्या शरीरात जंतू होते, पण तिला त्रास नव्हता. तिला हे पटले नाही. "मला काही झालेले नाही, मग माझ्यामुळे दुसऱ्याला कसे होईल?" असे तिचे म्हणणे. तिला वेगळे ठेवण्यात आले, १९१० मध्ये स्वयंपाक न करण्याच्या अटीवर सोडले, पण ती नाव बदलून पुन्हा स्वयंपाकघरात शिरली आणि १९१५ मध्ये एका प्रसूतिगृहात ताप पसरला. त्यानंतर १९३८ साली मरेपर्यंत तिला वेगळेच ठेवण्यात आले. मला त्या बाईची कीव येते. पण तिचे वाक्य आपण सगळेच बोलतो. हाताला घाण दिसत नाही, मग धुवायचे कशाला?

मित्रांनो, हा प्रश्न आपण तरी विचारू नये. दिवसातून पाच वेळा वुजू करणारे आपण लोक. पूर्वी दस्तरखान अंथरला की घरातला मुलगा तांब्या आणि चिलमची घेऊन पाहुण्यांच्या हातांवर पाणी घालीत असे. आता टिशू पेपर आला आणि चिलमची माळ्यावर गेली. एका थाळात चार-सहा जणांनी मिळून जेवण्याची आपली रीत भाईचाऱ्याची आहे, ती टिकली पाहिजे. पण एका थाळात बसायचे तर प्रत्येकाचा हात साबणाने धुतलेला हवा. रात्री भांडी झाकून ठेवावीत, ही शिकवणही आपल्याला लहानपणापासून मिळालेली आहे. कुरआन शरीफमध्ये अन्नाविषयी 'हलाल' शब्दाबरोबर 'तय्यब' हाही शब्द आला आहे. त्याचा सविस्तर अर्थ उलेमांनी सांगावा, तो माझा अधिकार नाही. पण आपण हलालची चौकशी जितक्या कसोशीने करतो, तितक्या कसोशीने स्वच्छ आणि चांगले याची करतो काय, हा प्रश्न मी स्वतःला विचारतो.

आता त्या आईच्या प्रश्नाकडे येतो. अन्न टाकणे गुनाह नाही का?

माझे उत्तर असे आहे की, अन्नाची नासाडी टाकण्याच्या वेळी होत नाही, ती देग चढवण्याच्या वेळी होते. पाचशे माणसांना बोलावून आठशेंचे शिजवले, तेव्हाच तीनशेंचे वाया गेले. पुढे ते आपण उकिरड्यावर टाकले काय किंवा गरिबाच्या पोटात ढकलले काय! दुसऱ्या मार्गाने तर अन्नही जाते, दवाखान्याचा खर्चही होतो आणि कधी कधी एखाद्या मुलाचे वर्षही जाते. आणखी एक कडू गोष्ट बोलतो, माफ करा. पंगतीत बसलेल्या मानाच्या पाहुण्याला आपण ताजे वाढतो आणि पाच तासांनी उरलेले विधवेच्या, मजुराच्या घरी पाठवून सवाब मिळाला असे समजतो. जे अन्न आपण स्वतःच्या मुलाला रात्री दहाला देणार नाही, ते दुसऱ्याच्या मुलाला देण्यात कसली खैरात? गरिबाचा वाटा पहिल्या वाफेचा असला पाहिजे.

म्हणून जमातीच्या जबाबदार मंडळींपुढे मी नम्रपणे तीन विनंत्या ठेवतो. एक, दावतीची वेळ ठरवावी आणि पाहुण्यांची गाडी आली नाही तरी त्या वेळेला पंगत बसवावी. दोन, ज्या घरांना डबे द्यायचे आहेत त्यांची यादी आधी करून त्यांचे डबे पहिल्या पंगतीआधी गरम गरम भरावेत आणि "लगेच खा" असे सांगून पोहोचवावेत. तीन, उरलेले अन्न देगेत ठेवू नये. उथळ परातींत पसरून लवकर थंड करावे आणि दोन तासांच्या आत फ्रिजमध्ये ठेवावे. ते जमले नसेल तर अल्लाहची माफी मागून टाकून द्यावे आणि पुढच्या वेळी तेवढे कमी शिजवावे. बावर्ची ठरवताना त्याच्या हाताची चव विचारता, तशी त्याच्या हाताची स्वच्छताही पाहा. ज्याला जुलाब होत आहेत किंवा ज्याच्या हातावर पिकलेली जखम आहे, त्याने त्या दिवशी देगेजवळ जाऊ नये. यात कोणाचा अपमान नाही.

माता-भगिनींना घरातल्या काही गोष्टी सांगतो. बकरी ईदच्या दिवशी कुर्बानीचे गोश्त घरोघर जाते. ते पिशवीत तासन् तास ठेवू नये, लहान वाटे करून लगेच शिजवावे किंवा थंड करावे. पावसात वीज जाते, तेव्हा फ्रिजवर आंधळा विश्वास टाकू नये. कच्च्या गोश्तासाठी, कोंबडीसाठी सुरी व फळी वेगळी असावी. त्याच सुरीने काकडी-कांदा कापू नये. कोंबडी नळाखाली जोरात धुतली की जंतू शिंतोड्यांबरोबर ओट्यावर पसरतात. ते मरतात शिजवण्याने, धुण्याने नव्हे. कोंबडी आतपर्यंत शिजावी, हाडाजवळ तांबूस राहू नये. विहिरीचे पाणी पावसाळ्यात उकळून प्यावे, कारण विषमज्वर, पटकी आणि काविळीचे काही प्रकार पाण्यातूनच येतात. आणि हे सारे काम एकट्या आईचे नव्हे. मुलग्यांनो, तुम्हीही जेवता. पाणी उकळायला आणि भांडी झाकायला तुमचे हात झिजणार नाहीत.

शाळेविषयीही बोलले पाहिजे. १६ जुलै २०१३ रोजी बिहारमधील सारण जिल्ह्यात शाळेतले दुपारचे जेवण खाऊन २३ मुले दगावली. तपासणीत तेलात मोनोक्रोटोफॉस हे कीटकनाशक सापडले. शेतीचे औषध, त्याचा रिकामा डबा किंवा बाटली स्वयंपाकघराच्या जवळपासही असू नये, हा धडा प्रत्येक शेतकरी घराने घ्यावा. शाळेत मुलांना वाढण्यापूर्वी शिक्षकाने अन्न चाखून पाहावे असा नियम आहे. तो नियम कागदावरचा नव्हे, तो तेवीस मुलांची आठवण आहे, असे समजून आम्ही शिक्षकांनी पाळला पाहिजे. आणि मुलांनो, एखाद्या दिवशी खिचडीची चव वेगळी लागली तर घाबरू नका, लगेच सांगा. सांगणाऱ्याला ओरडायचे नाही, ही जबाबदारी आमची.

इतके करूनही कोणी आजारी पडले तर काय करावे? १९७१ साली बांगलादेशच्या निर्वासितांच्या छावणीत, पश्चिम बंगालमधील बनगाव येथे, पटकीची साथ आली. सलाईन संपत आले. तेव्हा डॉ. दिलीप महालनबीस यांनी मीठ-साखरेचे पाणी तोंडाने पाजण्याचा निर्णय घेतला. शेकडा ३० च्या आसपास असलेले मृत्यूचे प्रमाण शेकडा ४ च्या खाली आले. २०२३ साली त्यांना मरणोत्तर पद्मविभूषण जाहीर झाले. तीच ही जलसंजीवनी. आरोग्य केंद्रात तिची पाकिटे मिळतात. पाकीट नसेल तर एक लिटर उकळून गार केलेल्या पाण्यात चहाचे सहा सपाट चमचे साखर आणि अर्धा सपाट चमचा मीठ नीट मोजून विरघळवावे आणि घोट घोट पाजावे. चोवीस तासांनी उरलेले टाकून नवे करावे. तान्ह्या बाळाचे अंगावरचे दूध बंद करू नये. शौचावाटे रक्त पडणे, लघवी न होणे, डोळे खोल जाणे, गुंगी येणे, जोराचा ताप, उलट्या न थांबणे, यांपैकी काहीही दिसले तर घरगुती उपाय करीत न बसता ताबडतोब डॉक्टरकडे न्यावे.

माझे बोलणे संपत आले. त्या मुलाच्या आईला मी पुढे भेटलो आणि हे सारे सांगितले. ती शांतपणे ऐकून म्हणाली, "सर, हे आधी कुणीतरी सांगायला हवं होतं." तेवढ्यासाठीच आज मी येथे उभा राहिलो. आपल्या मोहल्ल्यातल्या दुसऱ्या कोणत्याही आईला हे वाक्य उच्चारावे लागू नये. आपण शिक्षणासाठी वर्गणी काढतो, इमारती बांधतो, शिष्यवृत्त्या देतो. पण मूल वर्गात बसेल तेव्हाच त्याचा उपयोग. मूल वर्गात आणण्याचे काम दस्तरखानापासून सुरू होते, एवढे ध्यानात ठेवू या.

अल्लाह आपल्या सर्वांच्या घरात बरकत आणि तंदुरुस्ती देवो. आमीन.

खुदा हाफिज. जय हिंद.